सगळ्यांच्या पवनचक्क्या एकाच मापात: काय पक्कं करायचं, काय मोकळं ठेवायचं

वीज बनवणाऱ्या छोट्या पवनचक्क्या वेगवेगळ्या गावांत एकाच डिझाइनवर बनवायच्या, तर निपाणीत ओतलेला स्टेटर (साच्यात रेझिन ओतून पक्क्या केलेल्या तारेच्या कॉइलची न फिरणारी चकती, जिच्यात वीज तयार होते) खानापुरातल्या चक्कीवर कानस न लावता बसला पाहिजे. सामायिक डिझाइनची कसोटी एवढीच.

ड्रॉइंगवर मिलिमीटरशिवाय दुसरं माप नको. वर्कशॉपात अजून सुताचा हिशेब चालतो. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. तेवढा स्टड १२ मिमीच्या भोकात जात नाही आणि एम-१२ चा (१२ मिमी बोल्टचा) नट त्याच्या आट्यांवर चढत नाही. सूचना मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला टर्नर मराठी वाचेलच असं नाही.

पात्यांचा व्यास २.४ मीटर धरा. सेकंदाला ६ मीटर वाऱ्यात सव्वाशे वॅटच्या आसपास मिळतात. वारा निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्शावर येते, तेव्हा उन्हाळ्यातल्या संथ दिवसांत फार आशा नको.

पक्कं करायचं ते हे: ३०० मिमी व्यासाच्या, १० मिमी जाड दोन लोखंडी चकत्या, प्रत्येकीवर ४६×३०×१० मिमीचे १२ निओडिमियम चुंबक, उत्तर-दक्षिण आलटून पालटून, दोन्हींच्या मध्ये ९ कॉइलचा थ्री-फेज (तीन गटांत जोडलेला) स्टेटर, जाडी १३ मिमी. बॅटरी ४८ व्होल्टची. तेवढ्याच वॅटला १२ व्होल्टपेक्षा करंट चौथाई, म्हणून त्याच वायरमधलं नुकसान सोळावा हिस्सा. २४ व्होल्टच्या कॉइलवरून जाताना वेढे दुप्पट, तारेचा छेद निम्मा.

कागद बघून कुणीही भोकं मारू नयेत. निवडलेल्या हबवरून (चकत्या ज्यावर बसतात तो फिरता मधला भाग) ६ मिमी प्लेटची एकच जिग, म्हणजे भोकांचा नमुना, करा आणि सगळ्या चकत्या तिच्यावरूनच मारा. चुंबकांच्या जागांसाठी प्लायवूडची दुसरी.

सगळ्यात जास्त घोटाळा स्टेटरमध्ये होतो. चुंबक आणि स्टेटरमध्ये दोन्ही बाजूंना जेमतेम १ मिमी जागा असते. साचा फक्त कडेने आवळला तर झाकण मध्ये उचलतं, स्टेटर फुगतो आणि चुंबक त्याला घासतात. साच्याच्या मधोमधही बोल्ट हवा. रेझिनमध्ये टाल्कम पावडर मिसळा, नाहीतर ते सुकताना तापून तडकतं. गेजच्या (जाडी तपासायच्या पट्टीच्या) १३.५ मिमी खाचेतून न सरकलेला स्टेटर बाद, मग कितीही देखणा असो.

चकत्या जोडताना हात मध्ये घालू नका. तीन लांब स्टडच्या आधाराने, नट थोडे थोडे सोडत वरची चकती खाली उतरवा.

शेपटीचं वजन, लांबी आणि बिजागरीचा २० अंशांचा कल हेही पक्कं. ‘जरा मजबूत करूया की’ म्हणून कुणी जाड पत्रा लावला, तर पावसाळ्यातल्या सोसाट्याला चक्की वाऱ्यापासून तोंड फिरवत नाही, जास्त जोरात फिरते आणि कॉइल जळतात. शेपूट काट्यावर तोला, आकडा ड्रॉइंगवर लिहा.

पात्यांचं लाकूड, खांबाची उंची ज्याची त्याने ठरवावी. लाकूड सागाचं असो वा दुसरं, तिन्ही पात्यांचा तोल साधला म्हणजे झालं.

चकतीच्या कडेला नंबर-पंचने डिझाइनच्या आवृत्तीचा नंबर ठोका. भोकांची जागा बदलली की नवा नंबर, आणि जुनी जिग त्याच दिवशी कापून भंगारात.