कयाकिंगच्या शूटिंगसाठी कॅमेरा घेताय? आधी उभं कुठं राहणार ते ठरवा

पाण्यातल्या खेळाचं शूटिंग म्हटलं, की माणूस दुकानात शिरताच विचारतो, "वॉटरप्रूफ आहे का?" मी पैठणचा, लग्नाची शूटिंग करणारा. पुतण्या कयाकिंगला लागला तसं नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, फुगवट्यावर कॅमेरा घेऊन जाणं माझ्याकडं आलं, आणि आता बाकीच्या पोरांचे आईबापही मलाच विचारायला येतात. त्यांना मी उलटा प्रश्न टाकतो: तुम्ही उभे कुठं राहणार? काठावर, सोबतच्या होडीत, की पाण्यात? बहुतेक जण काठावरच असतात. तिथं कॅमेऱ्यावर थेंबही उडत नाही. तिथली खरी अडचण अंतराची.

नाथसागराचा काठ उथळ. पावसाळा सरताना पाणी पायाशी असतं, अन् मे महिन्यात तेच इतकं मागं जातं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेराची पिकं उभी असतात. पोरगं वल्हं मारतंय दीडशे-दोनशे मीटरवर आणि तुम्ही हातात ॲक्शन कॅमेरा (गोप्रोसारखा छोटा, वॉटरप्रूफ) धरून काठावर. घरी येऊन टीव्हीवर लावलं की नुसतं पाणी, आणि मधे एक मुंगी.

हिशोब करून बघा. स्पर्धेतली एकट्याची कयाक जास्तीत जास्त ५.२० मीटर लांब असते. सोनीच्या एफडीआर-एएक्स४३ या कॅमकॉर्डरला, म्हणजे व्हिडिओ कॅमेऱ्याला, २० पट ऑप्टिकल (लेन्सचा खरा) झूम आहे, पूर्ण ओढला तर ३५ एमएमच्या मापात ५३६ एमएम; हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. त्या झूमवर १०० मीटरवर फ्रेमची रुंदी साधारण सात मीटर भरते, म्हणजे होडी फ्रेममध्ये मस्त बसते. २०० मीटरवर तीच होडी निम्म्यापेक्षा कमी. त्याच कंपनीचा जुना, साधा एचडी सीएक्स४०५ घ्या: ३० पट झूम, ८०४ एमएम. २०० मीटरवरही होडी अर्ध्याहून जास्त फ्रेम व्यापते. ४के नाही म्हणून त्याला नाक मुरडू नका. उलट ॲक्शन कॅमेऱ्याची लेन्स १६ एमएमच्या आसपासची. १०० मीटरवर तिच्यात सव्वादोनशे मीटरचा पट्टा मावतो. खोक्यावर ठळक छापलेला डिजिटल झूम मोजूच नका. तो आलेलंच चित्र कापून ताणतो.

असले कॅमकॉर्डर आता दुकानात कमीच दिसतात, त्यामुळं बरेचदा सेकंडहँड घ्यावा लागतो. घेताना मोबाइलची बॅटरी लावून उजेड लेन्समध्ये तिरका मारा. आत कोळिष्टकासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. पावसाळ्यात कपाटात बंद पडून राहिलेल्या कॅमेऱ्याला ती हमखास लागते. किंमत कितीही पाडली तरी तो घेऊ नका. मग रेकॉर्डिंग चालू ठेवून झूम पूर्ण पुढं-मागं करा आणि कान लावून ऐका, खरखर नको. स्क्रीन उघडून फिरवा, एखाद्या कोनात चित्र गेलं तर आतली पट्टी तुटायला आलीय.

आणखी एक, जे दुकानदार सांगत नाही. उन्हाळ्यात अकरा वाजता आपल्याकडं बाहेरच्या स्क्रीनवर काही म्हणता काही दिसत नाही. डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर असेल तर सोनं. सोनीच्याच एएक्स५३ला तो आहे, एएक्स४३ला नाही. नसेल तर डोक्यावरून काळं फडकं घ्या. लोक हसतात, हसू द्या.

इतक्या झूमवर हातात कॅमेरा स्थिर राहत नाही, ट्रायपॉड लागतोच, तोही फ्लुइड हेडचा, म्हणजे ज्याचं डोकं झटका न देता सावकाश फिरतं असा. मात्र ट्रायपॉडवरून होडीमागं कॅमेरा फिरवताना कॅमेऱ्यातला स्टेबिलायझर (थरथर कमी करणारी सोय) बंद करा. नाहीतर सुरुवातीला फ्रेम चिकटून बसते आणि मग एकदम झटका देते.

मॅन्युअल शटर आहे का, म्हणजे प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या कितव्या भागात टिपायची ते हातानं ठरवता येतं का, हे जरूर बघा. लग्नात मी सेकंदाला ५० फ्रेम आणि १/१०० शटर ठेवतो, चित्र मऊ येतं. पण प्रशिक्षकाला मऊपणाशी घेणंदेणं नसतं. वल्ह्याचं पातं पाण्यात नेमकं कुठं शिरलं, पायाच्या जवळ की मांडीच्या, एवढंच त्याला बघायचं असतं. १/१००ला ते पातं नुसता फराटा दिसतं. १/५०० किंवा त्याहून वर न्या, मग फ्रेम थांबवली की पात्यावरून सुटणारा एकेक थेंब मोजता येतो. एक्स्पोजरही (उजेडाचं प्रमाण) लॉक करता यायला हवं, कारण पाणी चमकलं की ऑटोवर पोराचं तोंड काळं पडतं. पैठणच्या बाजूनं तर सकाळीच जा. धरणाची भिंत पूर्वेला, पाणी पश्चिमेला पसरलेलं. संध्याकाळी सूर्य थेट लेन्समध्ये येतो.

सोबतच्या होडीत बसणार असाल तर मात्र ॲक्शन कॅमेराच. हल्लीचे गोप्रो हिरो वरच्या वॉटरप्रूफ कव्हरशिवाय १० मीटर खोलीपर्यंत चालतात, डीजेआयचा ॲक्शन ४ तर १८. वरवरच्या खेळाला दोन्ही उदंड. कॅमेऱ्यापेक्षा त्याला बांधायच्या दोरीकडं आणि तरंगणाऱ्या नारिंगी दांड्याकडं जास्त लक्ष द्या, धरणाच्या गढूळ पाण्यात बुडालेली वस्तू हातभर खोलीवरही दिसत नाही. ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, त्यामुळं बटणावर चालू-बंद होणारा घ्या. झाकण लावण्याआधी रबरी कडेवरचा गाळाचा कण पुसा. तेवढ्या कणावाटेही पाणी आत जातं. आणि उन्हात ठेवू नका. हे कॅमेरे चाळिशीच्या तापमानात तापून आपोआप बंद पडतात, अन् तेही बरोब्बर शेवटच्या शर्यतीत.

मोबाइलवर आयपी६७ हा पाणीरोधक दर्जा लिहिला असेल तर तो म्हणजे एक मीटर खोलीत अर्धा तास, तोही स्थिर, स्वच्छ पाण्यात. कयाकवर बांधायचा ऐवज नाही तो.

ड्रोनचं बरेच जण विचारतात. जायकवाडी हे पक्षी अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय उडवायचं नाही.

वारा इथं कायम. माइकचं भोक असलेला कॅमकॉर्डर मिळाला तर केसाळ टोपीचा बाहेरचा माइक लावा. सीएक्स४०५ला ते भोक नाही, तिथं सरळ आवाज सोडून द्यायचा. मेमरी कार्ड व्ही३० (वेगाचा दर्जा) घ्या. ४के रेकॉर्डिंगचा दर १०० एमबीपीएस ठेवला तर ६४ जीबीत साधारण ८५ मिनिटं बसतात, ६०वर सव्वादोन तासांच्या वर. सरावाला ६० पुरतं, प्रशिक्षक तरी ते मोबाइलवरच बघणार.