पुणे की पिंपरी-चिंचवड? घर बघायच्या आधी एवढं करा

मागच्या दिवाळीत मावसभावाचा बार्शीवरनं फोन आला, दादा मला पुण्यात जॉब लागलाय, घर पुण्यात बघू का पीसीएमसीत, म्हणजे पिंपरी-चिंचवडला. म्हटलं ऑफिस कुठाय. तर म्हणे पुण्यात. अरे पण पुण्यात कुठे? मग लेटर उघडून वाचलं तर निघालं चाकण. आता चाकण ना पुणे महापालिकेत ना पिंपरी-चिंचवडच्या, ते खेड तालुक्यात, पण लेटरवर पुणे लिहिलं की गावाकडे सगळ्यांना वाटतं पोरगा शनिवारवाड्याशेजारी बसून काम करणार. हिंजवडीचं पण तेच, एवढं मोठं आयटी पार्क पण दोन्ही महापालिकांच्या बाहेर, ग्रामपंचायतीत. म्हणून घर शोधायच्या आधी नोकरीचं ठिकाण नीट काढा, गेट कुठल्या रस्त्यावर आहे इथपर्यंत.

बाहेरून येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुंबईच्या जुन्या हायवेनं आलात तर दापोडीला हॅरिस ब्रिज लागतो, खाली मुळा नदी, पुलाच्या अलीकडे पिंपरी-चिंचवड आणि पलीकडे बोपोडी म्हणजे पुणे. 1982 साली पिंपरी-चिंचवडची स्वतंत्र महापालिका झाली, गाड्यांचे नंबर वेगळे (पुणे एमएच 12, इकडे एमएच 14), 2018 पासून पोलीस आयुक्तालयसुद्धा वेगळं. बस मात्र एकच, 2007 मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी मिळून पीएमपीएमएल झाली. आणि चिंचवडचा जुना माणूस अजूनही 'जरा पुण्याला जाऊन येतो' असंच म्हणतो, त्यावर हसू नका, तुम्ही पण सहा महिन्यांत म्हणाल.

आता ठरवायचं कसं. लोक काय करतात, रविवारी सकाळी ब्रोकरबरोबर फिरतात, सँपल फ्लॅट बघतात, बाल्कनीतनं डोंगर दिसला की टोकन देऊन मोकळे. मी पण हेच केलेलं. रविवारी सकाळी अकरा वाजता वाकडवरनं ऑफिसपर्यंत वीस मिनिटांत पोचलो आणि खुशीत घरी सांगितलं की काय तो त्रास नाही बघ, मग सोमवारी भूमकर चौकात तासभर उभं राहून कळलं की ब्रोकर रविवारचीच वेळ का देतो.

त्यामुळे माझी पद्धत अशी. एक कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाच्या आठवड्याच्या फेऱ्या लिहा, फक्त नोकरीच्या नाही. मुलाची शाळा, क्लास, आईला दर महिन्याला डॉक्टरकडे न्यायचं, सासरची मंडळी हडपसरला असतील तर तिकडची फेरी, गावाला जायला स्वारगेटहून एसटी धरता का शिवाजीनगरहून का निगडीहून, सगळं. मग प्रत्येक फेरीसमोर लिहायचं की नदी ओलांडावी लागते का. आठवड्यात दहाबारा वेळा नदी ओलांडायची असेल तर तुम्ही चुकीच्या शहरात घर बघताय, मग तिकडे दोन लाख स्वस्त मिळत असो नाहीतर दहा.

नोकरी चाकण, तळेगाव, भोसरी एमआयडीसी असेल तर पुण्यात घर घेण्यात काही अर्थ नाही, मोशी, भोसरी, चिखली, निगडी, चिंचवड बघा. खराडी, मगरपट्टा, विमाननगर असेल तर उलटं, निगडीहून रोज खराडी म्हणजे पूर्ण दोन्ही शहरं आडवी कापायची, जिवाला खाणार ते. हिंजवडीवाल्यांना खरा चॉइस आहे, एका बाजूला वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत (पिंपरी-चिंचवड), दुसऱ्या बाजूला बाणेर, बालेवाडी (पुणे), अंतर जवळपास सारखंच, बाणेरचा भाव जास्त. तिथे मग पाणी आणि बजेट बघून ठरवा.

गोची होते ती नवराबायको दोन टोकांना असले की. माझ्या मावसभावाची बायको नर्स, तिला काम पुणे स्टेशनजवळच्या हॉस्पिटलात. एक चाकणला एक पुणे स्टेशनला. अशा वेळी मध्यभागी घर घ्यावं असं सगळे म्हणतात, पण नकाशावरचा मध्य काढून उपयोग नाही, रूळ कुठे आहेत ते बघा. पिंपरी महापालिकेपासून स्वारगेटपर्यंत मेट्रो 2024 च्या सप्टेंबरपासून सलग चालू आहे, वाटेत सिव्हिल कोर्टला बदलून वनाझ किंवा रामवाडीकडे जाता येतं. शिवाय लोणावळा लोकल आहे, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी करत थेट पुणे स्टेशन, तिकीट अगदी स्वस्त. फक्त लोकलला दुपारी मोठा गॅप असतो आणि रात्री उशिरा मेट्रो मिळत नाही, सेकंड शिफ्टवाल्यांनी दोन्हीची शेवटची गाडी बघूनच घर ठरवा. आणि 'मेट्रो येणार आहे' म्हणून वाढीव भाव सांगत असतील तर देऊ नका, गाडी धावायला लागली की मग बघू म्हणायचं.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो कारण इथे सगळेच फसतात.

पिंपरी-चिंचवडला पाणी पवना धरणाचं, पण ते पाइपनं येत नाही, धरणातून नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात आणि निगडीला सेक्टर 23 मध्ये शुद्ध करतात. बंद पाइपलाइनची योजना होती, तिला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता, 9 ऑगस्ट 2011 ला आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले आणि ते काम तिथेच थांबलं. इकडे टॉवरवर टॉवर उभे राहिले. 2019 च्या नोव्हेंबरपासून शहरात पाणी दिवसाआड सुरू झालं, तेव्हा सांगितलेलं की थोडे दिवस. नंतर आंद्रा धरणाचं पाणी चिखलीच्या प्रकल्पातनं मिळायला लागलं तरी 'आज पाण्याचा दिवस आहे' हे वाक्य घराघरात बसलंय. म्हणजे पाणी नाहीच असं नाही, सोसायटीची टाकी मोठी असेल तर कळतही नाही. म्हणून टाकी केवढी आहे ते विचारा.

पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं, मिळून साधारण 29 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. त्यामुळे पेठा, कोथरूड, कर्वेनगरला बऱ्यापैकी सुख आहे. पण पुणे म्हणजे आता फक्त एवढंच नाही ना. 2017 मध्ये 11 गावं घेतली, 2021 मध्ये आणखी 23, कागदावर पुणे आणि नळाला टँकर अशी अवस्था त्यातल्या बऱ्याच ठिकाणी. सिंहगड रोडला नांदेड गाव, किरकटवाडीच्या बाजूला 2025 च्या जानेवारीत जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट निघाले तेव्हा सगळ्यांचं लक्ष पाण्याकडेच गेलं. तेव्हा 'पुणे महापालिका हद्द' एवढ्यावर भाळू नका, ते गाव कधी आत आलं ते विचारा.

विचारायचं कोणाला? बिल्डरला आणि ब्रोकरला अजिबात नाही, 'चोवीस तास पाणी सर' असंच म्हणणार ते, टाकीतलं पाणी चोवीस तास असतंच की. सोसायटीच्या वॉचमनला विचारा, चहा पाजा आणि विचारा एप्रिल-मे मध्ये दिवसाला किती टँकर येतात. मग कुणा रहिवाशाकडून मेंटेनन्सचं मे महिन्याचं बिल बघायला मागा, टँकरचा खर्च वेगळा दाखवलेला असतो. मी माझ्या पहिल्या फ्लॅटला हे विचारलं नाही आणि पहिल्या उन्हाळ्यात मेंटेनन्स एवढा वाढला की गाडीचा हप्ता बरा.

पूर पण बघा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा फुटून सहकारनगरच्या बाजूला माणसं गेली, 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पहिल्या मजल्यापर्यंत गोंधळ, त्याच दिवसांत सांगवीला मुळेकाठीही पाणी घुसलं. ओढ्याकाठचा, नदीकाठचा 'रिव्हर व्ह्यू' फ्लॅट उन्हाळ्यात छान दिसतो. पूररेषेच्या नकाशात निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतनं एकदा. निळीच्या आत बांधकाम नकोच. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले 36 बंगले 2025 च्या मे महिन्यात हरित लवादाच्या आदेशानं पाडले, लोकांनी आयुष्यभराची कमाई घातलेली त्यात, वाईट वाटतं, पण नकाशा बघितला असता तर कळलं असतं.

या लाल रेषेत आणि रेड झोनमध्ये गल्लत करू नका. रेड झोन हा लष्कराचा, देहूरोडच्या दारूगोळा डेपोपासून 2000 यार्डांचा पट्टा, त्यात तळवडे, रुपीनगर, निगडी, किवळे भागातला काही काही पट्टा येतो, दिघीला पण असाच एक आहे. तिथे घरं दिसतात, लोक राहतात, लाइट आहे, नळ आहे, आणि भाव एकदम कमी, म्हणून नवीन माणूस भुलतो. मग बँकेत गेला की लोन नाही. एखादा फ्लॅट शेजारच्यापेक्षा फारच स्वस्त असेल तर आधी बँकेत चौकशी करा, बँक नको म्हणाली की तुम्ही पण नको म्हणा.

निगडी-आकुर्डीच्या प्राधिकरणात घर मिळालं तर राहायला झकास, रुंद रस्ते, झाडं, सेक्टर पाडलेले, 1972 ला नवनगर विकास प्राधिकरण झालं तेव्हाचं प्लॅनिंग. पण जमिनी 99 वर्षांच्या लीजवर, नावावर करताना परवानगी लागते, आणि 2021 मध्ये ते प्राधिकरणच बरखास्त होऊन कारभार पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि महापालिकेत वाटला गेला, तेव्हा कुठलं ऑफिस कुठला कागद देतं हे वकिलाकडून आधीच लिहून घ्या. बाकी कागद दोन्हीकडे सारखेच, महारेराच्या साइटवर प्रोजेक्ट, इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), आणि भोगवटा पत्र म्हणजे ओसी. पुण्यात स्वतः राहणार असाल तर पीटी-3 फॉर्म भरून मिळकतकरातली 40 टक्के सवलत मागून घ्या, न भरता वर्षानुवर्षं जास्त टॅक्स भरणारे माझ्या ओळखीत दोघं आहेत, दोघं पण सीए.

आता मनाचं. तुम्हाला संध्याकाळी बालगंधर्वला नाटक, डिसेंबरात सवाई, अप्पा बळवंत चौकात पुस्तकं, असं लागत असेल तर नदीच्या अलीकडे तुमची चिडचिड होईल, मी सांगतो ना, झाली माझी. चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, मोरया गोसावींचं मंदिर आहे, चापेकरांचा वाडा आहे, तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला असते तो दिवस तर बघण्यासारखा, पण नेहमीची संध्याकाळ इकडे घरी किंवा मॉलमध्येच जाते. उलट पेठेत गाडी लावायला जागा शोधताना आज पी वन का पी टू (सम-विषम तारखेनुसार पार्किंगची बाजू) हे आठवत बसायचं आणि विसर्जनाला दोन दिवस घरातच अडकायचं हे ज्याला जमत नाही त्याने इकडे यावं, गाडी दारात लागते. शाळा, दवाखाने दोन्हीकडे भरपूर, त्यावरनं शहर ठरवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लगेच विकत घेऊ नका. आधी अकरा महिने भाड्यानं राहा, अॅग्रीमेंट रजिस्टर करूनच. त्यात एक उन्हाळा आणि एक पावसाळा यायलाच पाहिजे. नदीच्या दोन्ही बाजूला जवळजवळच्या जोड्या आहेत, औंध-सांगवी, बोपोडी-दापोडी, बालेवाडी-वाकड. औंधचं सगळं मार्केट वापरायचं आणि भाडं सांगवीचं द्यायचं हे कितीतरी लोक करतात, फक्त पाणी पिंपरी-चिंचवडचं येणार हे लक्षात ठेवून.

मावसभावानं शेवटी कासारवाडीत भाड्यानं घेतलं. त्याची कंपनीची बस नाशिक फाट्यावर येते, बायको लोकलनं थेट पुणे स्टेशन, लोकल चुकली तर मेट्रो. बिल्डिंग जुनी, गॅलरीत कबुतरं, रुळांचा आवाज. परवा त्याचा फोन आला, दादा, वाकडला घर घ्यायचा विचार होता तो कॅन्सल, इथेच शेजारच्या गल्लीत एक दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके विकायला आहे, लिफ्ट नाही पण हिची डबल ड्यूटी असली तरी ती दहाला घरात असते. म्हटलं बरं, टाकी केवढी आहे? म्हणे वॉचमनला विचारलं, आणि ओसीची झेरॉक्स उद्या देतोय मालक.