ओढ्यातलं लाल शेवाळ शोधताय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लाल रंग शोधत बसणं. गोड्या पाण्यातली लाल शेवाळं बहुतेक वेळा लाल नसतातच, ऑलिव्ह, राखाडी, निळसर हिरवी नाहीतर तपकिरी असतात, कारण बऱ्याच जातींत फायकोएरिथ्रिन या लाल रंगद्रव्यापेक्षा फायकोसायनिन या निळ्या रंगद्रव्याचा जोर जास्त असतो, आणि म्हणून लोक "हे तर साधं हिरवं शेवाळ" म्हणून पुढे निघून जातात. उलट एखाद्या डबक्याचं पाणी लालभडक दिसलं की फोटो टाकतात, पण ते बऱ्याचदा युग्लिना नावाचा एकपेशीय जीव असतं, त्याचा लाल शेवाळाशी काही संबंध नाही.

दुसरं, जागा आणि वेळ चुकते. साचलेल्या पाण्यात ही क्वचितच मिळतात, यांना वाहतं पाणी हवं. झाडांची सावली पडलेला ओढा आणि पक्का दगड असेल तिथे आधी बघा. भर पावसात जाऊन उपयोग नाही, पाणी गढूळ असतं आणि प्रवाह दगड घासून काढतो. आपल्या सह्याद्रीत पाऊस ओसरून पाणी नितळ झालं की जायचं, आणि ओढा आटायच्या आत. कुमानोआ महाबळेश्वरेन्सिस या लाल शेवाळाच्या जातीच्या तर नावातच महाबळेश्वर आहे, म्हणजे हे काही फक्त परदेशातल्या नद्यांचं प्रकरण नाही!

आता नाव देण्याची घाई, ही मला सगळ्यात जास्त खटकते. दगडावर निळसर केसांसारखे आखूड झुपके दिसले की लगेच ऑडोइनेला (झुपक्यांनी वाढणारं एक लाल शेवाळ) लिहून टाकतात. पण बॅट्राकोस्पर्मम हे दुसरं लाल शेवाळ आणि त्याच्या भाऊबंदांच्या जीवनचक्रात शँट्रान्सिया नावाची एक अवस्था असते, ती अगदी तशीच दिसते, निळसर झुपका असेल तर आधी तोच संशय घ्यावा. अशा वेळी काही आठवड्यांनी त्याच दगडापाशी परत जा, त्यातूनच मण्यांच्या माळेसारखे बुळबुळीत धागे वर आलेले दिसू शकतात.

आणि ते धागे मिळाले तरी जात ठरवायला मायक्रोस्कोपखाली मादी अवयव, म्हणजे कार्पोगोनियम, दिसायला हवा. तो ज्या फांदीवर असतो ती सरळ आहे की पीळ पडलेली यावर बरंच ठरतं, 2009 साली कुमानोआ हा वेगळा वंश (जवळच्या जातींचा गट) केला त्यात हेच लक्षण महत्त्वाचं होतं. काही जातींत नर आणि मादी झुपके वेगवेगळे असतात, म्हणून एकच झुपका आणून "यात काही दिसत नाही" म्हणू नका, वेगवेगळ्या दगडांवरून थोडे थोडे घ्या. अख्खा दगड मात्र खरवडू नका प्लीज, तळाचा भाग राहिला तर ते परत उगवू शकतं.

सॅम्पल घरी येईपर्यंत त्याचा चिकट लगदा झाला? बहुतेक वेळा बाटली गच्च भरलेली असते आणि गाडीत तापलेली असते. थोडंसंच शेवाळ, ओढ्याचंच पाणी, बाटली अर्धी रिकामी, आणि बर्फाच्या डब्यात. डीएनए काढायचा असेल तर एक तुकडा टिपून लगेच सिलिका जेलमध्ये (ओल शोषणारे दाणे) टाका, फॉर्मलिनमध्ये टाकलेल्या सॅम्पलमधून नंतर डीएनए मिळणं फार अवघड जातं.

लाल की हिरवं हा संशय असेल तर छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवून बघा. हिरवं क्लोरोफिल निघून जातं, पण फायकोएरिथ्रिन आणि फायकोसायनिन पाण्यात विरघळणारे असल्यामुळे आत राहतात आणि तुकडा बऱ्याचदा लालसर-जांभळट दिसायला लागतो. हा फक्त अंदाज, यावरून जात ठरत नाही. एक गोष्ट अजून, कॉम्प्सोपोगॉन हे लाल शेवाळ दिसलं म्हणून पाणी स्वच्छ असं लिहू नका, ते बऱ्यापैकी खराब पाण्यातही वाढतं.

लेबल पेन्सिलीनेच लिहा, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये पसरते. आणि त्यावर तारीख, जागा, पाण्याचं तापमान, सावली होती की ऊन, आणि जिवंत असतानाचा रंग टाका, कारण तो रंग नंतर टिकत नाही.