डॉबसोनियन दुर्बिणीला नवा फोकसर बसवताना

पावसाळ्यात पुण्यात आकाश मिळत नाही, म्हणून डॉबसोनियनची, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने फिरवायच्या आरशाच्या दुर्बिणीची, दुरुस्ती आपण त्या चार महिन्यांसाठी राखून ठेवतो. फोकसर, म्हणजे आयपीस (डोळा लावायचं भिंग) धरून आत-बाहेर सरकवणारा भाग, बदलायचा असेल तर मात्र पाऊस लागायच्या आत सुरुवात करा. पहिलं माप चंद्रावर घ्यायचं असतं आणि ते चुकलं तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

मुळात बदलायची गरज आहे का, हे आधी बघा. दात्यांचा जुना फोकसर अडकत असेल तर बरेचदा दोष वाळलेल्या ग्रीसचा असतो. नळी बाहेर काढून जुनं ग्रीस पुसा, नवं अगदी थोडं लावा, दात्यांवरच्या झाकणाचे स्क्रू थोडे थोडे आवळून बघा. एवढं करूनही नॉब फिरवताना चित्र बाजूला सरकत असेल किंवा जड आयपीसने नळी झुकत असेल, तर नवा घ्या. मी क्रेफर्ड पद्धतीचा घ्या असं सांगेन. इंग्लंडमधल्या क्रेफर्डच्या हौशी आकाशनिरीक्षकांपैकी जॉन वॉल यांनी ती रचना केली. त्यात दातेच नसतात. एक गुळगुळीत दांडी नळीला दाबून धरते आणि समोरच्या बाजूच्या बेअरिंगांवर नळी सरकते, त्यामुळे नॉब उलटा फिरवताना मधली ढिलाई जाणवत नाही.

चंद्राचं माप

आयपीस काढा. फोकसरच्या नळीच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर ताणून रबरबँडने बसवा आणि दुर्बीण चंद्रावर लावा. नॉब सावकाश फिरवत राहा. एका जागी कागदावर चंद्र उमटतो, आणि विवरांच्या कडा टोकदार दिसतात. 1200 मिलिमीटर नाभीय अंतराच्या (मुख्य आरशापासून चित्र उमटतं तिथपर्यंतचं अंतर) आठ इंची आरशाच्या दुर्बिणीत हा चंद्र साधारण 11 मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा येतो. ते चित्र पहिल्यांदा कागदावर बघताना मी मोजायचं विसरून तसाच बसलो होतो. तर, चित्र ठळक झालं की दुर्बिणीच्या नळकांड्याच्या पृष्ठभागापासून कागदापर्यंतचं अंतर मोजा. तीनदा मोजा, दोन वेगळ्या रात्री मोजा.

समजा ते 95 मिलिमीटर आलं. नवा फोकसर पूर्ण आत घेतल्यावर, सव्वा इंची आयपीस बसवायचा अडॅप्टर धरून, 80 मिलिमीटर उंच असेल आणि 40 मिलिमीटर बाहेर येत असेल, तर त्याची हालचाल 80 ते 120 मध्ये होते. 95 त्यात बसतं, आत घ्यायला 15 मिलिमीटर शिल्लकही राहतात. ही शिल्लक लागतेच, कारण प्रत्येक आयपीसची फोकसची जागा काही मिलिमीटर वरखाली असते. याच जागी 100 मिलिमीटर उंचीचा फोकसर आणलात तर बहुतेक आयपीस फोकसला येणारच नाहीत. फोकसर बुटका निघाला तर वर जोडनळी लावता येते. उंच निघाला तर हाल.

माझ्या आठ इंचीला मी पहिला फोकसर घेतला तो फक्त दोन इंची आयपीस घेतो एवढं बघून. नळी पूर्ण आत घेतली तरी गुरू फुगलेल्या चकतीसारखाच दिसत राहिला. शेवटी नळकांड्याच्या तळाच्या मुख्य आरशाची बैठक 12 मिलिमीटर पुढे घेऊन नवी भोकं पाडावी लागली. आरसा जेवढा पुढे येतो तेवढंच चित्र बाहेर सरकतं, म्हणून हा उपाय चालतो. फार पुढे घेतलात तर तिरका आरसा (प्रकाश फोकसरकडे वळवणारा छोटा आरसा) लहान पडतो आणि कडेचा प्रकाश वाया जातो.

बैठक

फोकसरच्या बुडाचा बाक तुमच्या नळकांड्याशी जुळतो का ते बघा. नाही जुळला तर सुताराकडून लाकडाचा ठोकळा करून घ्या. ठोकळ्याला बाक देण्यासाठी नळकांड्यावरच पॉलिश पेपर चिकटवा आणि ठोकळा त्यावर पुढेमागे घासा. लाकूड आपोआप नळकांड्याचाच गोलावा घेतं. ठोकळ्याची जाडी उंचीत मिळवायला विसरू नका.

भोक पाडणं

दोन्ही आरसे आधी काढा. मुख्य आरसा स्वच्छ सुती कापडात गुंडाळून दुसऱ्या खोलीत ठेवा, चकचकीत बाजूला बोट लावू नका. नळकांडं आडवं ठेवा. जुन्या भोकावर मास्किंग टेप लावून त्याचा मध्य काढा, कारण तिरका आरसा त्या मध्याच्या हिशोबाने बसवलेला असतो. नव्या स्क्रूंच्या जागा कागदी साच्याने उतरवा, गुण्या लावून तपासा, सेंटर पंचने ठोका. मोठं भोक आणखी वाढवायला स्टेप ड्रिल आणि अर्धगोल कानस पुरते. दोन्ही रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतात. घाई करू नका, पत्रा ड्रिलच्या टोकाला अडकून फिरला तर हात कापतो.

पोलादी पत्रा असेल तर कीस प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या लोहचुंबकाने गोळा करा, मग ओल्या कापडाने आतून पुसा. उघड्या कडेला लगेच काळा मॅट रंग द्या. पुण्याच्या पावसाळी हवेत ती कड लवकर गंजते.

सरळ बसवणं

तिरका आरसा बाहेर असतानाच फोकसरमध्ये आरसे जुळवायचा लेझर घाला. लेझर तिथल्या तिथे फिरवून बघा. ठिपका वर्तुळ काढत असेल तर दोष लेझरचाच आहे. आता नळकांड्याच्या आतून कागदाची पट्टी फिरवून घेर मोजा, पट्टी दुमडून अर्धी करा आणि फोकसरच्या मध्याच्या बरोबर समोर खूण करा. नळकांड्याच्या तोंडापासून मध्य आणि खूण सारख्याच अंतरावर हव्यात. ठिपका खुणेवर पडला की फोकसर सरळ. नाही पडला तर बुडाच्या त्या कोपऱ्याखाली पत्र्याचा पातळ तुकडा सरकवा. नळी पूर्ण आत घेतल्यावर ती प्रकाशाच्या वाटेत फार घुसत नाही ना, तेही बघा.

आरसे परत बसवून क्रमाने जुळवा: तिरका आरसा फोकसरच्या मध्याखाली, मग त्याचा कल, शेवटी मुख्य आरसा. पहिलीच वेळ असेल तर 1944 साली स्थापन झालेल्या, पुण्यातल्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या एखाद्या जुन्या सभासदाला शेजारी बसवा.

नवा फोकसर जड असतो. दुर्बिणीचं तोंड आपोआप खाली झुकू लागलं तर मागच्या टोकाला वजन लावा; पोलादी नळकांड्याला लोहचुंबक नुसते चिकटवले तरी भागतं.

पहिली चाचणी ध्रुवताऱ्यावर घ्या. पुण्यातून तो साडेअठरा अंशांवरच असतो, हवा थरथरते, पण तो जागचा हलत नाही आणि डॉबसोनियनला हेच हवं. तारा मधोमध आणा, नॉब फिरवून तो फुगवा, परत मिटवा, दुसऱ्या बाजूने फुगवा. चकती मधल्या मध्ये लहानमोठी होत राहिली तर काम जमलं. ती बाजूला सरकली तर आधी खालचा ताणाचा स्क्रू थोडा आवळा, आणि तरीही सरकली तर लेझर आणि कागदाची पट्टी पुन्हा काढा.