नाटकातला विनोद कॅमेऱ्यासमोर नेताना

बरीच वर्षं नाटकात विनोदी भूमिका करून मी मालिकेत आले. पहिल्याच सीनला सवयीने वाक्यानंतर थांबले, हशा यावा म्हणून. सेटवर हसायला प्रेक्षक नसतात. ती जागा नुसती रिकामी दिसते. तिथे हशासाठी थांबू नका, समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते बघून पुढचं वाक्य टाका. क्लोजअपमध्ये किंचित उचललेली भुवईही पुरते. कप कोणत्या शब्दावर उचललात ते मात्र लक्षात ठेवा, तोच सीन दुसऱ्या अँगलने पुन्हा घेतात तेव्हा तसंच करावं लागतं.

नाटकात परतलात की हशा ओसरू लागताच बोला, पूर्ण विझू देऊ नका. शेवटचा शब्द गिळू नका, बहुतेकदा गंमत त्यातच असते. मी अजूनही तालमीत शेवटच्या रांगेत कुणालातरी बसवते आणि तो शब्द ऐकू आला का, ते विचारते.