बोटीच्या इंजिनाला नवा सायलेन्सर: आधी मापं

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोट वर ओढून झापांनी शाकारली की इंजिनाची राहिलेली कामं निघतात आणि त्यात सडलेला सायलेन्सर असतोच. हर्णै असो की देवगड, जुना सायलेन्सर कापून भंगारात टाकायचा आणि दुकानात जाऊन ‘तीन इंची द्या’ म्हणायचं, ही रीत. मापं घ्यायची ती जुना जागेवर आहे तोवरच.

जवळ व्हर्नियर (व्यास मोजायची सरकपट्टी), थ्रेड गेज (आटे ओळखायची दातेरी पाती), टेप, गुण्या, तारेचा ब्रश, जाड पुठ्ठा, गोल तोंडाची हातोडी आणि वही असू द्या. इंजिन पूर्ण गार हवं.

पाइपापासून सुरुवात करा. खाऱ्या हवेत गंजाचे पापुद्रे इतके चढतात की दोन मिलिमीटरची चूक सहज होते. म्हणून ब्रशने घासून चकचकीत लोखंड दिसल्यावरच व्हर्नियर लावा, तोही आडवा आणि उभा असा दोनदा. क्लॅम्प आवळून आवळून पाइप अंडाकृती झालेला असतो. आणि ‘तीन इंची’ हे नाव आहे, माप नव्हे. तीन इंची पाइपाचा बाहेरचा व्यास 88.9 मिमी असतो, अडीच इंचीचा 76.1. बाहेरून टेप लावून बरोब्बर तीन इंच भरला, तर तो पाइप अडीच इंची आहे!

सगळ्यात जास्त घोळ फ्लँजमध्ये, म्हणजे पाइपाच्या तोंडावरच्या बोल्टची भोकं असलेल्या चकतीत होतो. भोकं किती, प्रत्येकाचा व्यास किती आणि भोकांच्या मध्यांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी किती, हे लिहा. चार भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या आतल्या कडांमधलं अंतर घेऊन त्यात एका भोकाचा व्यास मिळवा. तीन असतील तर शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर गुणिले 1.155, सहा असतील तर त्या अंतराची दुप्पट हा पीसीडी. एवढं करूनही पुठ्ठ्याचा साचा घ्याच. फ्लँज सुटल्यावर पुठ्ठा तोंडावर धरून कडांवर हातोडी हलके मारली की ठसा उमटतो. त्यावर ‘वर’, ‘नाळेकडे’ (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) आणि ‘इंजिनाची बाजू’ लिहा. न लिहिलेला साचा लेथवाला उलटा धरतो, आणि भोकं तिरकी असलेला फ्लँज मग कधीच बसत नाही.

स्टडवर, म्हणजे फ्लँज ज्यांवर नटाने आवळतात त्या आटे पाडलेल्या दांड्यांवर, नुसता व्यास मोजून थांबू नका. एम-10 (दहा मिमीचा मेट्रिक) स्टडचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.5 मिमी, तर तीन-अष्टमांश यूएनसीला (इंची मापाचे आटे) इंचात 16 आटे, म्हणजे जवळपास 1.59. चुकीचा नट दोन वेढे जातो नि अडकतो. पाना लावून जोर केला की स्टड मॅनिफोल्डमध्येच (इंजिनाचा धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग) तुटतो.

लांबी फ्लँजच्या तोंडापासून तोंडापर्यंत घ्या आणि वाढीला जागा सोडा. दोन मीटर लोखंडी पाइप 400 अंशांनी तापला की साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास लांबतो. मध्ये बेलो (वळ्यांचा लवचीक जोड) नसेल तर तो ताण मॅनिफोल्डवर येतो आणि तडा तिथेच जातो. लाकडापासूनचं अंतरही, गुंडाळायच्या ग्लासवूलची जाडी धरून, आत्ताच मोजा. उतार मात्र पाणसळीने ठरवू नका, कारण टेकूंवरची बोट पाण्यातल्यासारखी बसत नाही. माप इंजिनाच्या पायापासून घ्या. उतार बाहेरच्या तोंडाकडे हवा, नाहीतर पावसाचं पाणी इंजिनात उतरतं.

नव्या सायलेन्सरचं आतलं तोंड मॅनिफोल्डच्या तोंडापेक्षा लहान नको. आवाज कमी होईल, पण धूर कोंडून काळा होईल आणि व्हॉल्व्ह जळतील.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या वायर काढा. फ्लँजला आधी फक्त चार टाके मारा. सगळे बोल्ट हाताने, पाना न लावता, शेवटपर्यंत गेले तरच पुरा वेल्ड करा.