घरी मुलांना क्राफ्ट करायला बसवताय? या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे आधी यूट्यूबवर व्हिडिओ दाखवायचा आणि मग म्हणायचं, आता तुला हवं ते कर. आता हवं ते कुठलं, त्याला ते व्हिडिओतलं घुबडच करायचंय, ते तसं जमत नाही, मग रडारड, मग आई हातातली कात्री काढून घेते आणि घुबड तीच पुरं करते, फॅमिली ग्रुपवर फोटो मात्र "पिल्लूने केलं" म्हणून! नमुना दाखवूच नका. सामान समोर ठेवा आणि शेजारी बसून भाजी निवडा.

भाजीवरून आठवलं, भेंडी आणि बटाट्याचे ठसे सगळेच करतात आणि निम्म्या घरांत त्याचे नुसते डाग उठतात. कारण साधं आहे, रंग वाटीत पातळ केलेला असतो आणि भेंडी त्यात बुडवली जाते. त्याऐवजी ताटलीत जुन्या फडक्याची ओलसर घडी ठेवा, त्यावर पोस्टर कलर पसरा, झालं स्टॅम्प पॅड. बटाटा कापल्यावर पाणी सोडतो म्हणून आधी पुसून घ्या. देठाकडून आडवी कापलेली भेंडी मग फुलासारखी स्वच्छ उमटते, पुढे त्या फुलांचं पोरं काय करतील ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

सगळे रंग एकदम काढून देणं ही दुसरी चूक. बारा बाटल्या उघडल्या की दहा मिनिटांत सगळा कागद चिखलाच्या रंगाचा, कारण लाल, पिवळा, निळा एकत्र आले की तपकिरीच होणार. दोन रंग आणि पांढरा द्या, उदाहरणार्थ लाल आणि पिवळा, कितीही कालवलं तरी केशरी-गुलाबीच्या आसपास राहतं. आणि कागद झेरॉक्सचा नको हो, तो पातळ कागद पाण्याने लगेच फुगतो, फाटतो. कॉर्नफ्लेक्सचं खोकं उलगडून आतली खरखरीत बाजू द्या, फुकट आणि दणकट.

खेळायच्या कणकेच्या गोळ्याबद्दल खूप जणी विचारतात. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, चमचाभर तेल आणि पाणी पाऊण वाटीपासून सुरू करून लागेल तसं. मीठ टाळू नका, त्यानेच गोळा टिकतो, नाहीतर एका दिवसात आंबूस वास येतो. पण पावसाळ्यात तेच मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि गोळा हाताला चिकटायला लागतो, तेव्हा थोडा मैदा मळून घट्ट डब्यात घालून फ्रीजमध्ये. घरात कुत्रं असेल तर त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, एवढं मीठ त्याला खरंच विषासारखं आहे.

हळदीच्या पाण्याने कागद रंगवा, वाळू द्या, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी ब्रशने, जिथे लागेल तिथे लालसर, त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळं, पोरं तासभर हलत नाहीत. कपड्यावर सांडलं तर साबण लावल्यावर डाग लाल होतो, घाबरू नका, धुवून उन्हात टाका, फिका पडतो.

"हे काय काढलंयस?" हा प्रश्न मात्र बंद करा. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्येच मांडलं होतं की साधारण 2 ते 4 वयात मूल नुसत्या रेघोट्या मारतं आणि 4 नंतर गोल डोकं आणि त्यालाच फुटलेले पाय असली माणसं येतात. म्हणजे पोट नाही म्हणून दुरुस्त करायला धावू नका. "ही रेघ केवढी लांब गेली" एवढं म्हटलं तरी बोलायला लागतात.

तीन वर्षांखालच्या मुलांना मणी, बटणं नकोतच. डावखुऱ्या मुलाला कात्री जमत नसेल तर बहुतेक दोष कात्रीचा असतो, डावखुऱ्यांची वेगळी मिळते.

आणि भिंतीवर क्रेयॉन चाललाच तर ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन हलक्या हाताने पुसा, ऑइल पेंटवर निघतो. डिस्टेंपर असेल तर घासू नका, भिंतीचाच रंग निघून येईल. दिवाळीत घराला नवा रंग द्यायचा ठरलाच असेल तर तोपर्यंत ती भिंत सरळ पोराच्या नावावर करून टाका.